रमाकांत आचरेकर : एका सामन्याचा खेळाडू, पिढ्यांचा गुरू

णमोकार महामंत्रात आचार्य व उपाध्याय या दोहोंनाही वंदन केलेले आहे. ज्ञान देणाऱ्यास इतके उच्च स्थान देणाऱ्या समाजाला गुरूची महती नव्याने सांगावयास नको. तथापि शाळेच्या मैदानावर उन्हातान्हात उभा राहणारा गुरू बहुधा उपेक्षित राहतो. या दृष्टीने मुंबईच्या शारदाश्रम विद्यामंदिराचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचे जीवन मननीय आहे.

१९३२ साली जन्मलेल्या आचरेकरांनी १९४५ मध्ये न्यू हिंद क्लबकडून खेळावयास प्रारंभ केला. १९६३-६४ च्या हंगामात मोईन-उद-दौला स्पर्धेत स्टेट बँकेच्या संघातून ते हैदराबादविरुद्ध खेळले. प्रथम श्रेणीचा तोच त्यांचा एकमेव सामना. केवळ नोंदवही पाहणारा म्हणेल, जमेची बाजू रिकामीच! परंतु वस्तूला अनेक बाजू असतात, हीच तर अनेकांताची शिकवण. बँकेची नोकरी सांभाळून आचरेकरांनी शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्लबच्या माध्यमातून मुले घडविली. लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, अजित आगरकर हे भारताकडून खेळलेले खेळाडू त्यांच्याच तालमीत तयार झाले.

१९८४ मध्ये अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला थोरले बंधू अजित यांनी सरांकडे आणले. सरांसमोर मुलगा बिचकला. तेव्हा सरांनी निघून जाण्याचा बहाणा केला व दुरून त्याचा खेळ पाहून त्यास प्रवेश दिला. त्यांच्याच सल्ल्याने सचिनने वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात नाव घातले. सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. सरावाच्या अखेरीस ते यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज बाद करील त्याचे ते नाणे, आणि सचिन नाबाद राहिल्यास त्याचे. पुढे अमाप यश मिळविणाऱ्या शिष्याने ती नाणी अमूल्य ठेव म्हणून जपली.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत सचिन व विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागी रचली. सचिन ३२६, तर कांबळी ३४९ धावांवर होता. आणखी एकच धाव काढू द्यावी, अशी कांबळीची विनवणी होती. परंतु सरांनी डाव घोषित करावयास लावले. वैयक्तिक विक्रमाहून सामना मोठा, हा त्यातील धडा होता. त्यानंतर कांबळीने गोलंदाजीत सहा बळी घेतले.

एकाच गुरूच्या या दोन शिष्यांपैकी एक २०० कसोटी सामने खेळला, तर दुसरा ५४ हून अधिक सरासरी राखूनही १७ सामन्यांवर थांबला. गुरू शिकवण सर्वांना सारखीच देतो. पुढील वाटचाल मात्र ज्याच्या त्याच्या पुरुषार्थावर व प्रारब्धावर अवलंबून असते. म्हणूनच गुरूचे मोजमाप केवळ यशस्वी शिष्यावरून करू नये.

आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री लाभली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे देहावसान झाले. अंत्ययात्रेत शिष्यांनी बॅटी उंचावून त्यांना मानवंदना दिली. ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उभारणाऱ्या आणि इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर पाहिलेल्या आपल्या समाजाला दानाचे महत्त्व ज्ञात आहे. इमारतीच्या कोनशिलेवर दात्याचे नाव कोरले जाते व ते योग्यच आहे. परंतु त्याच शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षे शिटी वाजविणाऱ्या क्रीडाशिक्षकाचे नाव कोठे कोरलेले असते? सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ट्रस्टने व समाजाने त्या अनामिक गुरूंचेही कृतज्ञतेने स्मरण करावे, हेच आचरेकर सरांना खरे अभिवादन ठरेल.