तरंगणाऱ्या दाण्याची गोष्ट

आज गोष्ट माशांच्या खाद्याची, पण सुरुवात पाण्यापासून लांब.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या बेलॉइट गावी गुरांचं खाद्य बनवणारं एक यंत्र होतं. ते तुंबू नये म्हणून कामगार त्यात ओला मका टाकायचे. घर्षणाने मका तापायचा नि बाहेर पडताना फुलायचा. त्यातूनच मक्याचे कुरकुरीत पफ आले. १९५०च्या दशकात असंच तंत्र कुत्र्यांच्या खाद्यात गेलं, मग माशांच्या.

आता, यात होतं काय? स्क्रूच्या दाबाखाली ओलसर पीठ शंभर अंशांच्या वर तापतं. पिष्ट शिजतं, सोयाबीनमधले पचन अडवणारे घटक निकामी होतात. छिद्रातून बाहेर येताच दाब सुटतो, पाण्याची वाफ होते, दाणा सच्छिद्र होतो. म्हणून तो तरंगतो. शिवाय तेलही शोषतो. १९८०च्या दशकात नॉर्वेच्या सॅमनला जास्त तेलाचं खाद्य मिळालं, ते यामुळेच.

आपल्याकडे आंध्रात रोहू-कटल्यासाठी कोंडा नि पेंड भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून तळ्यात टांगतात. किती खाल्लं, किती चिखलात गेलं, कळायचं कसं? चिखलातलं कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपवतं, आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. तरंगता दाणा महाग खरा. पण मासे खायचे थांबले की डोळ्यांना दिसतं, आणि शेतकरी वेळीच हात आखडता घेतो. खाद्यावरच सगळ्यात जास्त खर्च होणाऱ्या या धंद्यात ते 'दिसणं'च मोलाचं!