प्रकाशानें वितळणाऱ्या लवणांचें मूळ

नित्याच्या वापरांतील मीठ पाण्यावांचून द्रवरूप करावयाचें तर सुमारें ८०१ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. उलट कांहीं लवणें हवेच्या साध्या उष्णतेंतच द्रवरूप असतात. त्यांस आयनद्रव म्हणतात. अशा लवणाच्या रेणूंत रंगद्रव्याचा अंश जोडिला असतां प्रकाशानें त्याचें रूप पालटूं शकतें. या विद्येचा आरंभ कोणत्या लेखापासून धरावा याविषयीं मतभेद असल्यामुळें, संबंधित लेखांची छाननी करणें आम्हांस इष्ट वाटतें.

आद्यत्वाचा मान सामान्यतः पॉल वाल्डेन याच्या १९१४ च्या लेखास देतात. सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीच्या पत्रिकेंत छापलेल्या या जर्मन लेखांत १२ अंशांस वितळणारें एथिल अमोनियम नायट्रेट वर्णिलें आहे. याविरुद्ध गाब्रिएल व वाइनर यांचा १८८८ चा लेख पुढें करण्यांत येतो. त्यांतील एथेनॉल अमोनियम नायट्रेट ५२ ते ५५ अंशांस वितळतें. हा लेख २६ वर्षांनीं जुना खरा. परंतु केवळ तारखेवरून निर्णय करणें आम्हांस युक्त दिसत नाहीं. त्यांत वितळबिंदूची नोंद प्रसंगानें आली आहे. वाल्डेननें मात्र सौम्य उष्णतेंत द्रवणारीं लवणें हेतुतः निवडून त्यांची विद्युद्वाहकता मोजिली. सबब मान त्याचाच.

रंगद्रव्याची शाखा निराळी. अझोबेन्झीन हें नारिंगी द्रव्य १८३४ पासून ज्ञात होतें. प्रकाश पडतां त्याचा सरळ रेणु वांकडा होतो, हें हार्टले यानें १९३७ सालीं 'नेचर' पत्रांत दाखविलें. या दोन शाखांचा संगम पुढें झाला. २०१५ सालीं जपानांतील क्यूशू विद्यापीठाचे किमिझुका व त्यांचे सहकारी यांनीं अझोबेन्झीनयुक्त लवणांचे स्फटिक अतिनील किरणांनीं द्रवरूप केल्याचें प्रसिद्ध केलें. वांकडे रेणु स्फटिकांत नीट रचले जात नाहींत, हें याचें कारण. दृश्य प्रकाशांत रेणु पुनः सरळ होतात, द्रव गोठतो व सांठलेली ऊर्जा उष्णतारूपानें बाहेर पडते.

वाल्डेन हा स्वतः रसायनशास्त्राचा इतिहासकारही होता. रोस्टॉक येथील त्याचा दहा हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह १९४२ च्या बाँबवर्षावांत नष्ट झाला. त्याचा १९१४ चा लेख मात्र छापील असून अनेक ठिकाणीं पोंचला होता. म्हणूनच वरील वादाचा निर्णय आज मूळ कागदावरून करतां येतो. ज्यांच्या दप्तरांत एकुलत्या एक पोथ्या आहेत, त्यांनीं हें ध्यानांत घेऊन त्यांच्या नकला वेळींच करून ठेवाव्यात.