छोट्या धरणांच्या अभ्यासाकडे

धरणांचा अभ्यास म्हटला की विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे भाक्रा किंवा कोयना उभी राहते. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना मी त्यांना दहा-बारा मीटर उंचीच्या मातीच्या भरावाकडे नेऊ इच्छितो. तो एखाद्या शेतकऱ्याचा, संस्थेचा किंवा क्लबचा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय धरणसूचीत नव्वद हजारांहून अधिक धरणे आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त खासगी मालकीची आहेत.

जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ केली बार्न्स धरण होते. विजेसाठी घातलेल्या जुन्या दगडी बांधावर तिथल्या बायबल कॉलेजने पुढे मातीचा भराव चढवला. १९५७मध्ये वीजनिर्मिती थांबली, तलाव मात्र तसाच राहिला. ६ नोव्हेंबर १९७७च्या मध्यरात्रीनंतर, मोठ्या पावसात, धरण फुटले. खालच्या खोऱ्यात कॉलेजची वस्ती होती. ३९ माणसे गेली. पेनसिल्व्हेनियातले साउथ फोर्क धरणही मुळात कालव्यासाठी बांधलेले. कालवा बंद पडला, धरण विकले गेले, तळातले विमोचक नळ काढून टाकले गेले. मासेमारीच्या क्लबने माथा खाली आणला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. ३१ मे १८८९ला ते फुटले आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ जणांचा बळी गेला.

दोन्हीकडे मूळ हेतू संपला होता, पाणी संपले नव्हते. माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे.

मातीचे धरण बहुधा दोन वाटांनी जाते. सांडवा अपुरा पडला की पाणी माथ्यावरून वाहते आणि मागचा उतार धुऊन नेते. दुसरी वाट आतली. भरावातून थोडे पाणी झिरपणारच. पण नळाच्या कडेने, कुजलेल्या मुळांतून किंवा उंदरा-घुशींच्या बिळांतून वाट मिळाली की ते मातीचे कणही सोबत नेते आणि पोकळी पायथ्याकडून जलाशयाच्या दिशेने वाढत जाते. पाणी सुटावे पण कण अडावेत, अशा वाळूच्या गाळणथराचे नियम कार्ल टेर्झागी यांनी घालून दिले. अनेक जुन्या खासगी भरावांत हा थरच नाही.

आपल्याकडचा २०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काही अटींत बसणाऱ्यांना लागू होतो. उंची ही सोयीची मोजपट्टी आहे, पण मला ती अपुरी वाटते. खाली कोण राहते, यावर धोक्याचा दर्जा ठरायला हवा. आणि धरण न बदलताही तो दर्जा बदलतो, कारण ओढ्याकाठी नवी घरे उठत राहतात.

म्हणून अभ्यासाची सुरुवात जवळच्याच एखाद्या बांधापासून करा. आज त्याचा मालक कोण, सांडवा मोकळा आहे का आणि पावसानंतर पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ आहे की गढूळ, हे आधी पाहा. गढूळ असेल तर वहीत टिपण्याआधी मालकाला आणि खालच्या वस्तीला कळवा.