तळटीप १२ : ‘हात आखूड’ हा शेरा

१२. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जणांची भिंत उभी असते. तीच ऑफेन्सिव्ह लाइन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. गुण सहसा इतरांच्या नावावर लागतात. त्यामुळे ड्राफ्टपूर्वी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीपूर्वी, एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ या खेळाडूंची पारख शरीराची मापे आणि सामन्यांच्या चित्रफिती यांवरून करतात. त्यांपैकी हाताची लांबी खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. टॅकलचा हात ३४ इंचांच्या आसपास असावा, म्हणजे कडेने मुसंडी मारणाऱ्याला लांबूनच थोपवता येते, असा संकेत आहे.

२०२१ मध्ये कोविडमुळे इंडियानापोलिसमधली ड्राफ्टपूर्व नेहमीची चाचणी झाली नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातच रशॉन स्लेटर या टॅकलचे माप घेतले गेले. हात ३३ इंच भरला आणि ‘याला गार्ड करा’ असे सल्ले निघाले. चित्रफिती मात्र वेगळे सांगत होत्या. २०१९ मध्ये त्याने ओहायो स्टेटच्या चेस यंग या कडेने मुसंडी मारणाऱ्या खेळाडूला रोखले होते; पुढच्याच वर्षी यंग ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. स्लेटरची चपळ पावले, कमरेत न वाकता गुडघ्यांत बसण्याची सवय आणि पंजा नेमक्या जागी रोवण्याचे कसब त्या फितींत स्पष्ट दिसते. चार्जर्स संघाने स्लेटरला १३व्या क्रमांकावर घेऊन डावा टॅकल म्हणूनच उतरवले. पहिल्याच हंगामात त्याची प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली. म्हणून मूळ मजकुरातला ‘हात आखूड’ हा शेरा निकाल न मानता, चित्रफीत अधिक बारकाईने पाहण्याची सूचना मानावा.