मानमोडीचें दर्शनी मुख



जुन्या पेठेंत कोणी निराळ्या थाटाची दर्शनी भिंत उभारली कीं शेजाऱ्यांत कुजबूज सुरू होते : हें येथें शोभतें का? लाकडी वाड्यांना लागून सिमेंट-काचेचीं घरें उठूं लागल्यापासून जुन्नरासहि हा प्रश्न नवा नाहीं. पण जुन्नरानें तो सुमारें १८०० वर्षांपूर्वींच एकदां पाहिला आहे.

नाणेघाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांचें हें शहर. सभोंवारच्या डोंगरांत दीडशेंहून अधिक लेणीं आहेत. पण त्यांचा स्वभाव मितभाषी. बहुतेक ठिकाणीं साधें दार, सपाट छत, फार तर वेदिकेची एखादी पट्टी. मनुष्याकृति क्वचितच.

अशा वस्तींत, शहराच्या दक्षिणेस मानमोडीच्या डोंगरांत, भूतलिंग गटांतील चैत्यगृहाचें मुख एकदम डोळ्यांत भरतें. दारावरच्या अर्धवर्तुळांत कमळाच्या पाकळ्या. मधोमध लक्ष्मी, दोन्हीं बाजूंस हत्ती, आणि हात जोडलेले उपासक. वर नाग व पंखधारी गरुड यांच्या आकृति आहेत. त्या काळच्या जुन्नरकरांनीं नाकें मुरडलीं असतील काय, कोण जाणे!

दात्याचें नांव त्याहून नवलाचें. तो चंद नांवाचा यवन, म्हणजे परदेशी वंशाचा. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं टाकीं दिलीं, चिट नांवाच्या दुसऱ्यानें भोजनमंडप दिला. चंदानें मात्र दिला ‘गभदार’, विद्वानांच्या मतें दर्शनी भाग. लेणें नव्हे, निव्वळ मुख!

परंतु या परक्यानें परदेशचे खांब आणून उभे केले नाहींत. कमान चैत्याचीच, तिच्या पोटांतील वासे इथल्या लाकडी घरांचे, लक्ष्मीहि इथलीच. तीं लाकडी घरें केव्हांच नाहींशीं झालीं. त्यांचा चेहरा कळतो तो अशा दगडी मुखांवरूनच. चंदाचें मुख शेजाऱ्यांहून कितीहि नटवें असलें तरी बोली त्यांचीच बोलतें, म्हणून तें मला उपरें वाटत नाहीं.

आजच्या काचेच्या भिंतीविरुद्ध माझी तक्रार ती नवी आहे ही नव्हे. तिनें ओसरी खाल्ली. रस्ता आणि घर यांच्यामध्यें टेकण्याची, येणाऱ्याजाणाऱ्याला हांक मारण्याची जागा होती, ती गेली. नवें दर्शन खुशाल करावें, पण ओसरीची जागा कशानें भरली हें घरमालकास विचारण्याचा हक्क आळीला असावा.

आणि चंदाबद्दल एक सांगावयाचें राहिलेंच. त्याचें मुख पुरें झालें. त्यामागील चैत्यगृहाचें आंतलें काम मात्र कधींच पुरें झालें नाहीं.