९ई१० : मिकचे प्रतिपिंड, सगळ्यांच्या कामाचे

पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला फ्रीझर उघडा, '९ई१०' लिहिलेली कुपी बहुधा सापडेल. प्रतिपिंडांची असली नावे ९६ खळग्यांच्या प्लेटवरून पडतात. आडव्या ओळीला अक्षर, उभीला आकडा. ज्या खळग्यातल्या पेशींनी हवे ते प्रतिपिंड दिले, त्याचा पत्ताच नाव होऊन बसतो.

हे प्रतिपिंड हवे होते मिकसाठी. मिक हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून जनुकांचे काम कमीजास्त करणारे प्रथिन. त्याचे जनुक आधी कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या विषाणूत सापडले, मग माणसातही. पण प्रथिन हाती लागेना. पेशीत ते मुळात थोडे, त्यात बनल्यावर अर्ध्या तासात निम्मे नाहीसे होणारे. मग जेरार्ड इव्हन, मायकेल बिशप आणि सहकाऱ्यांनी जनुकावरून मिकच्या शेवटाकडचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून उंदरांना टोचला. पुढची कृती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला दाखवलेली : उंदराच्या प्लीहेतल्या पेशींचा कर्कपेशींशी संकर केला की एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळते. (या कृतीचे पेटंट घेतले गेले नाही, हे आज सांगूनही पटत नाही.) १९८५ मध्ये ९ई१० जगापुढे आले.

खरी गंमत पुढेच आहे. मिकच्या ४३९ अमिनो आम्लांपैकी जेमतेम दहा ९ई१० ला ओळखीपुरती पुरतात. मग तीच दहा भलत्याच प्रथिनाला जोडली तर? केंब्रिजच्या शॉन मन्रो आणि ह्यू पेलम यांनी १९८७ च्या शोधनिबंधात हेच केले. त्यामुळे पेशीचे स्वतःचे प्रथिन कोणते आणि आपण घातलेले कोणते, हे कळू लागले. दर प्रथिनासाठी नवे प्रतिपिंड घडवायचा खटाटोप वाचला, आणि 'मिक टॅग' रुळला. आता ९ई१० मागवणाऱ्या कितीतरी जणांना मिकशी काही देणेघेणे नसते.

मिक मात्र मधूनच डोके वर काढते. मानवी पेशींच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने शोधण्याच्या चाचणीत) ६२ किलोडाल्टनच्या आसपास एक आगंतुक पट्टा उमटू शकतो, आणि नवखा विद्यार्थी तो आपल्याच प्रथिनाचा समजून हरखतो. उंदराच्या पेशींत ही कटकट नाही, कारण त्यांच्या मिकमध्ये त्या दहांतली काही अमिनो आम्ले वेगळी आहेत. ती तशी नसती, तर टोचलेला तुकडा उंदराच्या शरीराला घरचाच वाटला असता आणि ९ई१० बहुधा जन्मलेच नसते.