घराचे मोल कोणी ठरवावे?



'घर विकायला काढले आहे' हे वाक्य आपल्याकडे आजही थोड्या खालच्या आवाजातच उच्चारले जाते. मुलीच्या लग्नाची वार्ता गावभर होते, पण घराच्या विक्रीची बातमी शेजाऱ्याला कळते ती बहुधा विसार दिल्यावर. किंमत तर कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये. हा आपला जुना संस्कार आहे, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक जुना प्रघात याच्या अगदी उलट होता, आणि तोच आज आपल्यापुढे मांडण्याचा माझा विचार आहे.

कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी 1909 साली छापून प्रसिद्ध केले. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविक्रयाचे एक प्रकरण आहे. घर घेण्याचा पहिला हक्क ज्ञातिबांधवांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकाराचा. हे सरले म्हणजे मग बाहेरच्याचा. विक्री व्हावयाची ती त्या घरासमोरच, आसपासच्या चाळीस कुळांच्या समक्ष. सीमा आधी जाहीर करावयाच्या आणि मग 'या किमतीला कोण घेतो?' असे तीनदा पुकारावयाचे. तीनदा पुकारूनही कोणी हरकत घेतली नाही, तर गिऱ्हाइकाने घर घ्यावे. धनी हजर नसताना कोणी बोली लावली, तर चोवीस पण दंड. बोली लावून गिऱ्हाईक फिरकलेच नाही, तर सात रात्री वाट पाहून धन्याने दुसऱ्याला विकण्यास मोकळे व्हावे. मात्र यात एक मेख आहे. गिऱ्हाइकांच्या चढाओढीने जी किंमत वाढेल, ती वाढ विकणाऱ्याची नव्हे. ती शुल्कासह राजाच्या कोशात जावयाची! आपण मागितले ते आपले, चढाओढीने आले ते सरकारचे. असा नियम असल्यावर धनी आपला आकडा आधीच विचारपूर्वक सांगत असला पाहिजे. हा नियम प्रत्यक्षात किती पाळला गेला हा प्रश्न निराळा. पण शास्त्रकाराच्या मनातले चित्र उघड्या चव्हाट्यावरचे आहे यात शंका नाही.

आपल्याच भूमीतला एक दाखला घेऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. लेण्यातील भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने एक शेत दिले. दान देणारा राजकुलातला, मनात आणले असते तर कोणाचेही शेत उचलून देऊ शकला असता. पण त्याने खडकावर खोदून ठेवले आहे की, हे शेत अश्विभूति नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना विकत घेतले. ते नगराच्या सीमेवर वायव्येस आहे. आणि ते त्या ब्राह्मणाच्या पित्याचे होते. विकणारा कोण, किंमत किती, जागा कोठे, आणि त्याच्याकडे ती आली कशी, या चार गोष्टी त्यात आल्या. आजचा वकील खरेदीखतात शोधतो त्या याच. फरक एवढाच की ते खत डोंगरावर आहे आणि आल्यागेल्याने वाचावे म्हणून कोरलेले आहे.

आता विज्ञानेश्वराकडे येऊ. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या या पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली 'मिताक्षरा' टीका महाराष्ट्राच्या कुटुंबकायद्याचा पाया होऊन बसली. भूमी दुसऱ्याकडे जावयाची तर सहा गोष्टी लागतात असे एक वचन त्याने घेतले आहे: गावाची, ज्ञातीची, शेजाऱ्यांची आणि दायादांची संमती, तसेच सोने आणि पाणी. आणि मग हा विवेकी गृहस्थ एकेकाचे कारण सांगतो. गावाची संमती कशासाठी? केवळ व्यवहार उघड व्हावा म्हणून. ती नसली तर व्यवहार बुडतो असे नव्हे. शेजाऱ्यांची? पुढे बांधावरून भांडण होऊ नये म्हणून. विभक्त झालेल्या भाऊबंदांची? हे विभक्त की एकत्र, असा संशय उद्या कोणी काढू नये म्हणून. आणि सोने-पाणी? याचे उत्तर मोठे मजेचे आहे. स्थावराची विक्रीच नसते, असे वचन होते. पण माणसाला नड येते आणि घर विकावेच लागते. तेव्हा विकावे, पण हातावर पाणी सोडून, दानाचे रूप देऊन! कायदा मोडावयाचा नाही आणि अडलेले कामही थांबवावयाचे नाही, ही आपली युक्ती किती जुनी आहे पाहा.

यावरून मला असे वाटते की, घर विक्रीसाठी तयार करणे म्हणजे आपल्या पूर्वजांच्या लेखी चुना लावणे किंवा गळती काढणे नव्हते. संमती गोळा करणे होते. भिंत पाहून घेणारा घेईल, पण चुलतभाऊ उद्या उभा राहिला तर काय? मराठी अमदानीतील खरेदीपत्रांत घराच्या चारी बाजूंची चतुःसीमा बारकाईने येते, शेवटी साक्षी येतात. घर मोजावयाचे ते खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. रुपये कोणते, चांदवडी की अंकुशी, हेही लिहावे लागे. कारण नाण्यानाण्याचा बट्टा निराळा. आकडा एकच, पण नाणे बदलले की किंमत बदलली. आणि जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दिले, असा मजकूर असे. म्हणजे अंगणात खोल कोठे आजोबांनी हंडा पुरला असेल, तर तोही घेणाराचा. हे शब्द इतके चिवट की तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या खतातही ते डोकावतात. तेथे तृण कुंडीतले असेल. पाषाण मात्र शोधावा लागेल.

इंग्रजी अंमलात चव्हाट्याची जागा कचेरीने घेतली. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच व्हावी असे ठरविले. घरातला किंवा हक्कातला जो दोष धन्याला ठाऊक आहे आणि घेणाराला सहज दिसणार नाही, तो सांगण्याचे बंधनही धन्यावर घातले. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्तांची सूची कोणालाही फी भरून पाहता येते. तेव्हा कागदावर तरी व्यवहार उघडाच राहिला. गेला तो तोंडचा पुकारा.

किंमत खरोखर बिघडली ती पुढे. 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा 13 फेब्रुवारी 1948 रोजी अंमलात आला. प्रमाणभाडे धरावयाचे ते 1 सप्टेंबर 1940 रोजी होते ते. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकऱ्याला रस्त्यावर येऊ न देणे हा हेतू रास्तच होता, आणि त्याने लाखो बिऱ्हाडे वाचली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाड्याचे मोल येणाऱ्या भाड्यावर ठरते. समजा, सहा बिऱ्हाडे मिळून महिना साठ रुपये देतात, तर वर्षाचे सातशेवीस. त्यातून घरपट्टी आणि कौलांची डागडुजी वजा जाता उरते काय? पुण्यात सदाशिव पेठेतला भरला वाडा आणि तोच रिकामा वाडा ही किमतीच्या दृष्टीने दोन निराळी घरे झाली. मुंबईत भाडेकरूच आपली खोली पागडी घेऊन 'विकू' लागला. मालक उरला तो कागदावर. डागडुजीला पैसा नाही म्हणून भिंती खचल्या. 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुराने नदीकाठच्या कित्येक वाड्यांचा हिशेब एका दिवसात संपविला. अखेर 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठविलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे म्हटले, आणि 31 मार्च 2000 पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली आणि पागडीलाही कायद्याची मान्यता मिळाली.

भरीला दुसरा रोग लागला तो दोन आकड्यांचा. एक दस्तात, एक पिशवीत. यावर सरकारने 1986 साली काढलेला उपाय पाहून कौटिल्य हसला असता. आयकर कायद्यात एक प्रकरण घातले गेले: मोठ्या शहरांत ठरावीक रकमेवरचे घर फारच कमी दाखवून विकले जात असेल, तर सरकार स्वतःच त्या दाखविलेल्या किमतीला ते घेईल! खोटे सांगाल तर खोट्या भावाने गमवाल. 1992 साली न्यायालयाने बजावले की, आधी दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घ्या. 2002 साली ही तरतूद संपली. आपल्या राज्यात 1995 च्या नियमांनी दरवर्षी दरांचा तक्ता निघू लागला, ज्याला सगळे 'रेडी रेकनर' म्हणतात. मुद्रांक निदान त्या दराने भरावा लागतो. म्हणजे किमतीचा तळ सरकार ठरविते, माथा बाजार ठरवितो, आणि आकडा खणांवर नव्हे तर चौरस फुटांवर निघतो. त्यातही जिने, व्हरांडे, भिंतींची जाडी मिळवून फूट फुगविण्याची कला निघाली. 1963 च्या सदनिका कायद्याने आणि पुढे 2016 च्या 'रेरा'ने चटईक्षेत्राचा आग्रह धरला, तेव्हा कोठे फूट पुन्हा बारा इंचांचा होऊ लागला.

आता संमतीकडे परत येतो, कारण आजही विक्री अडते ती तेथेच. विज्ञानेश्वराच्या दायादांत बहीण नव्हती. 1956 च्या कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जितात तिला वाटा आला. वडिलोपार्जितात महाराष्ट्राने 1994 साली दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या दुरुस्तीने ती भावासारखीच जन्माने वाटेकरी झाली, आणि बाप 2005 पूर्वी वारला असला तरी हक्क जात नाही, हे 2020 साली न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे वाडा विकावयाचा, किंवा पाडून इमारत करण्यास द्यावयाचा, तर वकील प्रथम विचारतो, 'बहिणी किती?' मग दूर दिलेल्या बहिणींना निरोप जातात. घर पाहुण्यांनी भरते, गोडाचे होते, साडीचोळी होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वजण नोंदणी कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करून येतात. कित्येक बहिणी मनापासून करतात. माहेर तुटू नये ही भीती काही थोडी नसते. परंतु गावाला, शेजाऱ्याला, चुलतभावाला ज्या घराची किंमत तीनदा पुकारून सांगावी असे शास्त्र होते, त्याच घरात जन्मलेल्या त्या बाईपुढे कागद येतो तेव्हा आकडा आधीच ठरलेला असतो. आणि पुष्कळदा तो तिला सांगितलेलाही नसतो.